तुळशीच्या लग्नापुरती जोडणी

प्रिय आई,

आज तुझी तुळस हलवली. तुला न विचारता हलवली, म्हणून आधी तेच सांगतो. रागावू नकोस, चातुर्मास नाही, चैत्र चालू आहे. मुळांभोवतीची माती तशीच ठेवून वायरमन कैलास आणि मी कुंडी उचलली आणि मोगऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. ती होती तिथे आता खोल खड्डा झाला, त्यात कोळसा, मीठ आणि पाइप गेला, वर सिमेंटचं झाकण बसलं. देवासच्या या घराला इतक्या वर्षांनी अर्थिंग मिळालं.

नाना ओट्यावर उभे राहून बघत होते. कैलास हात धुवायला गेला तेव्हा हळूच म्हणाले, "आता कशाला रे हे, विनू? आता कोण राहिलंय त्या मशीनकडून चावून घ्यायला?"

मी फावडं घेऊन नळाकडे गेलो. स्वच्छ फावडं पुन्हा धुतलं. वर्गात पोरांच्या दहा प्रश्नांना उत्तरं देतो तुझा मास्तर मुलगा; नानांचं उत्तर मात्र कागदावरच देता येईल. म्हणून तुला लिहायला बसलोय.

आई, तू हार्ट अटॅकने गेली नाहीस. कपडे धुवायच्या मशीनच्या करंटने गेलीस, आणि तो करंट मशीनच्या पत्र्यापर्यंत मी पोचवला. डॉक्टरांना हे माहीत नाही, ताईला नाही, मीनलला नाही. आणि नानांना तर नाहीच. नानांना वाटतं, तू त्यांच्यामुळे गेलीस. वर्ष झालं, ते असं मानून जगतायत आणि मी त्यांना जगू देतोय. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

पहिल्यापासून सांगू? तुला अर्धं माहीतच आहे. पण मला ते ओळीने लिहायचंय, कारण मनात ते कधी ओळीने येत नाही.

मशीन चावायला लागलं ते आषाढात. "बया आज पुन्हा चावली ग," असं तू मीनलला सांगायचीस आणि दोघी सासू-सुना हसायच्या. झाकणाला हात लावला की मनगटापर्यंत झिणझिण्या. मीनल रबरी चप्पल घालून कपडे लावायची. तुला ते चालणार होतं का? ज्या मोरीत देवाची उपकरणी घासतात तिथे चप्पल! आजोबांनी देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या कचेरीत नोकरी केली, राज्य गेलं, कचेरी गेली, पण तुझ्या मोरीतला नियम गेला नाही. मग तूच तोड काढलीस. माळ्यावरचा लाकडी पाट काढलास, तो मशीनपुढे मांडलास आणि त्यावर उभी राहून कपडे लावायला लागलीस. लाकूड सोवळ्याला चालतं आणि विजेलाही अडवतं. मी हसून म्हणालो होतो, "आई, तू तर माझ्यापेक्षा चांगलं सायन्स शिकवशील." तुला आठवतं? तू म्हणालीस, "सायन्स कसलं, अक्कल आहे ती."

अक्कलच होती. माझ्यापेक्षा जास्त होती.

मग कैलास आला. बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "माताजी, इसमें अर्थिंग तो है ई नी. तीन छेद का सॉकेट लगा है, पर तीसरे में तार ई नी आया. आँगन में गड्ढा करना पड़ेगा." आणि अंगणात ओल धरणारी जागा एकच, तुळशीखालची. तू लगेच हात आडवा केलास. "हे बघ कैलास भिया, देवशयनी झाली. आता तुलसी का ब्याह होने तक उसको कोई हिलाएगा नहीं. कार्तिक में आना." तो हसला, म्हणाला, "जैसा आप बोलो," आणि गेला.

मी तुझ्याशी वाद घातला नाही. का घातला नाही, आई? कुंडी हलवल्याने तुळस काही माहेरी निघून जाणार नव्हती! दहा मिनिटं हट्ट केला असता तर तू ऐकलं असतंस, तू माझं नेहमी ऐकायचीस. पण मला वाद नको होता. मला शाबासकी हवी होती. स्क्रूचा पेचकस हातात घेतला की तू ज्या नजरेने बघायचीस ना, ती.

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस सांगत होता, अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रलपासून अर्थच्या छेदाला एक छोटी तार जोडा, झटका तुरंत बंद. मला कळत नव्हतं का? मी आठवीला हाच धडा शिकवतो. फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढतो, वरची जाड पिन रंगीत खडूने रंगवतो आणि पोरांना विचारतो, "बताओ, ये क्यों मोटी है?" पण व्हिडिओतला माणूस इतक्या आरामात बोलत होता, आणि ही सगळी भानगड फक्त तुळशीच्या लग्नापर्यंत करायची होती. बोटभर हिरवी तार घेतली. श्रावणातल्या एका रविवारी जोडून टाकली.

झिणझिण्या थांबल्या! तू आधी एक बोट लावलंस, मग पंजा, मग दोन्ही हात. "अगं मीनल, बया गप्प झाली!" त्या दिवशी तू साटोऱ्या केल्यास. शेजारच्या काकूंना, ताईला धारला फोन करून, दुधवाल्यालासुद्धा सांगितलंस, विनूने मशीन दुरुस्त केलं. दुरुस्त! मी ते उघडूनही बघितलं नव्हतं. मूल रडतंय म्हणून कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवावा, तसलं काम होतं ते.

आणि दुसऱ्या दिवशी तू पाट धुतलास, उन्हात वाळवलास आणि घरात नेलास. तुझ्या नातीला, अनूला, वाढदिवशी ओवाळलंस ते त्याच पाटावर बसवून. पाट का काढलास ग? राहू द्यायचा ना तिथेच, काय खात होता तो? हा प्रश्न मी तुला वर्षभर विचारतोय आणि उत्तरही मलाच ठाऊक आहे. मी म्हणालो होतो, "आता पाटाची गरज नाही, आई." तू माझ्या शब्दावर पाट उचललास.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं. उसाचा मांडव, चिंचा-बोरं, अनूने मंगलाष्टकं अडखळत वाचली आणि तू तिच्या मराठीला हसलीस. दोन दिवसांनी कैलास आपण होऊन दारात आला. "भिया, ब्याह हो गया, अब खोद दें?" मी म्हणालो, "रहने दो, अब जरूरत नी." तू आत होतीस, तुला हे ऐकूही गेलं नाही. म्हणून सांगतो, तुझ्या तुळशीने काही अडवलं नव्हतं. तुझी अट संपली होती. पुढचे पाच महिने माझे होते.

मग चैत्रातला तो शनिवार.

ताईच्या सासरी, धारला, रविवारी मुंज होती. नानांना शनिवारी संध्याकाळीच निघायचं होतं आणि त्यांचं पांढरं धोतर धुवायचं राहिलं होतं. तू सकाळी मशीन लावायला गेलीस आणि लाइट गेली, म्हणून तिथेच देवाची उपकरणी घासत बसलीस. मीटर बदलायला दोघं जण आले होते. तासभर त्यांनी बाहेर काहीतरी केलं, सही घेतली आणि गेले. त्यांनी दोन तारा उलटसुलट जोडल्या होत्या. फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेच्या, जागी न्यूट्रल, न्यूट्रलच्या जागी फेज. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, कुणाला काही कळलं नाही. इतर घरांत अशी चूक वर्षानुवर्षं कुणाला न कळता राहते, कारण इतर घरांत माझी ती बोटभर तार नसते. माझ्या तारेने तो सगळा करंट मशीनच्या पत्र्यावर आणून ठेवला. त्या दोघांना मी दोष देत नाही. द्यायचा प्रयत्न करून पाहिला, लागू पडला नाही.

नाना बाहेरच्या खोलीतून ओरडले, "लाइट आली ना? मग उठा आता! धोतर वाळणार कधी आणि मी निघणार कधी?" तू म्हणालीस, "उठते हो, घोड्यावर बसल्यासारखं काय करता." हे तुझं शेवटचं बोलणं. मी पलीकडे उत्तरपत्रिका तपासत होतो. मला हसू आलं होतं.

ताम्हन पडल्याचा आवाज आला. मग बादलीचा.

मी आलो तेव्हा तू ओल्या फरशीवर अनवाणी होतीस, मशीनला टेकलेली, आणि तुझा हात झाकणाच्या कडेवर होता. मी सगळ्यात आधी बटण बंद केलं. आई, हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. तुला हात लावायच्या आधी मी बटणाकडे गेलो, म्हणजे तुला काय झालंय ते मला बघताक्षणीच कळलं होतं. बटण बंद करून तुला धरलं, तर मीही मागे फेकला गेलो. बटण बंद असताना! बटण एकच तार तोडतं; तारा उलटल्या असल्या तरच असं होतं. तिथे पडल्या पडल्या, खांदा भिंतीवर आपटलेला, मला मीटर, तार, श्रावणातला रविवार, सगळं एकदम समजलं. मग प्लग ओढला. तुला खाली झोपवलं, छातीवर दाबत राहिलो, डॉक्टर येईपर्यंत दाबत राहिलो.

तुला कळलं का ग काही? दुखलं का? तेवढं तरी सांग.

डॉक्टरांनी नाडी बघितली, तुझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारलं, आणि म्हणाले, हार्ट. नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "मी घाई केली. मीच ओरडलो तिच्यावर, दचकून उठली ती." आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळपट डाग होते. मी तुझा हात पदराखाली सरकवला आणि म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. त्यानंतर काही म्हणायची गरजच पडली नाही.

धारहून ताई यायच्या आत मी मोरीत गेलो, सॉकेट उघडलं आणि ती तार काढून शर्टाच्या खिशात टाकली. तोच शर्ट घालून तुला खांदा दिला. दहाव्या दिवशी कैलासला बोलावलं, म्हटलं टेस्टर उलटं दाखवतोय. त्याने बघितलं आणि डोक्याला हात लावला. "भिया, मीटर वाले फेस-नूटल उलट गए. शुकर मनाओ, किसी को लगा नी!" मी म्हणालो, "हाँ यार." त्याने तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही, सुतकाचं घर म्हणून.

आता नानांचं सांगतो. तुला बघवणार नाही, पण ऐक.

त्या दिवसापासून नाना आपलं धोतर स्वतः धुतात. मीनलने हात लावला तर चिडतात. रोज आंघोळीनंतर मोरीत बसतात, आणि कशावर बसतात माहीत आहे? तुझ्या त्या पाटावर. गुडघे वाकत नाहीत, साबण दोनदा हातातून निसटतो. धोतर नीट पिळताही येत नाही, तसंच थेंब गळत दोरीवर टाकतात. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच एक सांगतात: "एका धोतरासाठी मी तिला उठवली." बागलीहून मामा आला, त्याला सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. त्यांनी पांढरं धोतर नेसणं सोडलंय, धुतात मात्र तेच. न नेसलेलं धोतर रोज धुतात, आई!

आणि दर वेळी मी तिथेच असतो. कधी चहा पुढे करतो, कधी म्हणतो, "नाना, असं मनाला लावून घेऊ नका." मी! मी त्यांना समजावतो! मनाशी म्हणायचो, खरं सांगितलं तर ते कोसळतील, त्यांच्यासाठीच गप्प आहे. खोटं आहे ग ते. ते तर कोसळलेलेच आहेत. मी माझ्यासाठी गप्प होतो. विज्ञानाच्या मास्तरने स्वतःच्या आईला, असं कुणी म्हणेल, त्या वाक्याला मी घाबरत होतो.

कदाचित असाच राहिलो असतो. पण परवा तुझं वर्षश्राद्ध झालं, पानं उठली आणि ताई म्हणाली, "विनू, ते मशीन नुसतंच झाकून ठेवलंय. माझं बंद पडलंय, मी धारला नेते. आईच्या हातचं आहे, तेवढीच सोबत." मीनल म्हणाली, "घेऊन जा ना ताई, आम्ही वर्षभर हातानेच धुतोय, विनायक लावूच देत नाहीत." ताईने टेम्पोवाल्याला फोनही लावला. मी ओरडलो, "नाही!" ताईने फोन खाली घेतला. मग सावरून म्हणालो, आधी दुरुस्त करतो, मग ने. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, तुझी वस्तू तिला देववत नाही मला.

काल मशीन उघडलं. मागच्या पत्र्याला सहा स्क्रू आहेत. बस, सहा. आत मोटरकडे जाणारी एक तार पत्र्याच्या धारदार कडेवरून गेली होती, मशीन थरथरून थरथरून तिचं वरचं रबर तिथे घासून गेलं होतं. नखाएवढं तांबं उघडं, आणि त्याच्यावर साबणाचा ओला थर. तेवढ्या ओलीतून झिणझिण्या यायच्या. बया चावत नव्हती, आई, ती सांगत होती. तार बदलली, कडेला रबराची नळी बसवली, आतला साबण खरवडून काढला. अर्ध्या तासाचं काम. आषाढात हे सहा स्क्रू काढले असते तर अर्ध्या तासात तुझी बया कायमची गप्प झाली असती आणि आत्ता तू मला विचारत असतीस की इतकं काय लिहितोयस.

मशीनपुढे बसून मी रडलो. अनू आली, म्हणाली, "बाबा, ठीक नी हुआ क्या?" मी म्हणालो, "झालं ग. ठीक झालं."

आज कैलासला बोलावून खड्डा खणला. टेस्टर, बल्ब, सगळं लावून तीनदा तपासलं. मोरी आता सुरक्षित आहे. अनवाणी उभं राहिलं तरी चालतं. मी उभा राहून बघितलं. तुझ्या जागी उभा राहिलो, ओल्या फरशीवर, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले. काही झालं नाही. खरं सांगू? मशीन सुरू करताना क्षणभर वाटलं होतं, व्हावं.

तिथून अंगणात आलो, तेव्हाच ओट्यावरून नानांनी विचारलं, आता कशाला रे हे.

तर आई, हे पत्र तुला लिहिलंय, पण वाचणार नाना आहेत. तोंडाने मला सांगता येणार नाही, हे आज फावडं धुताना कळलं. तू घरात सगळ्यांना मराठी लिहायला लावायचीस, "हिंदी शाळेत शिका, पण घरची चिठ्ठी मराठीत," म्हणून माझा हात अजून चालतो. तो आता या कामाला येऊ दे. उद्या सकाळी नानांची पूजा झाली की, धोतर भिजवायच्या आधी, हे कागद त्यांच्या हातात देईन. बरोबर ती हिरवी तारही देईन. चष्मा आणून देईन आणि त्यांच्यासमोर खाली बसेन. वाचून होईपर्यंत उठणार नाही. त्यांनी हात उगारला तर चुकवणार नाही. तोंड फिरवलं, जन्मभर बोलले नाहीत, तरी चहा नेऊन देत राहीन. मग मीनलला सांगेन, आणि ताईला फोन करेन. तिच्या घरचं अर्थिंग मी स्वतः धारला जाऊन बघेन, तोवर मशीन जाणार नाही. तिने नकोच म्हटलं, तर तेही ऐकेन.

माफी मागत नाही. तू ती मागायच्या आत देऊन टाकशील, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मागत नाही.

पण एवढं वचन देतो. नानांच्या घाईमुळे तू गेलीस, असं उद्यापासून या घरात कुणी म्हणणार नाही. नानासुद्धा नाही. आणि ते धोतर उद्या मी धुईन, हाताने, त्यांनी धुऊ दिलं तर.

तुझा,
ज्याच्या शब्दावर तू पाट उचललास तो,
विनू